सोळा नंबर वाचला, सहा नंबर राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी डोंबिवली पूर्वेचा, आपला जुना वाचक. १९७९ साली दलाल स्ट्रीटवर एका ब्रोकरकडे कारकून म्हणून लागलो, पुढे सबब्रोकर झालो, आणि पाच वर्षांपूर्वी दुकान बंद केले. सध्या मुलीकडे, टेक्सासमधल्या फ्रिस्को गावी मुक्काम आहे. जानेवारीत परतेन. आपला अंक इथेही चहाबरोबर मोबाइलवर वाचतो.

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. तिकडे सकाळचे दहा. ठाकुर्लीचे माझे एक जुने क्लायंट, निवृत्त शिक्षक, वय ७१. म्हणाले, "विकून टाकले." काय विकले? एका मोठ्या आयटी कंपनीचे दोनशे शेअर, उघडल्या उघडल्या, मिळेल त्या भावाने. का? तर आपल्या अर्थपानावर आले होते की अमेरिकेने घटनादुरुस्ती करून बिगरनागरिकांचे मतदान बंद केले आणि त्याचे सावट आयटी शेअरवर पडू शकते. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते, हे मान्य. पण प्रश्नचिन्ह वाचून कुणी शेअर धरून ठेवत नाही, हे चाळीस वर्षे या धंद्यात काढलेला माणूस सांगतो आहे.

ज्या मतदानाबद्दल आपण लिहिले ते मी शंभर फुटांवरून पाहिले. खरोखर शंभर फुटांवरून. इथे मतदान केंद्रापासून तेवढ्या अंतरावर पाटी असते, तिच्या आत प्रचार नाही आणि मोबाइलही वापरायचा नाही. आमचे शेजारी मूळचे सांगलीचे, बरीच वर्षे अमेरिकी नागरिक. ऑक्टोबरच्या अखेरीस, मुदतीपूर्वीच्या मतदानाला ते निघाले तेव्हा मला म्हणाले, "काका, चला, बघा तरी." ते आत गेले, मी पाटीच्या अलीकडे एका बाकावर बसलो. हातात त्यांनीच घरी छापून दिलेली नमुना मतपत्रिका होती. अर्धा तास दुसरे काम नव्हते, त्यामुळे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. काँट्रॅक्ट नोटवरची बारीक छपाई वाचायची सवय अजून सुटलेली नाही.

त्या कागदावर कुणा उमेदवाराचे नाव नव्हते. टेक्सास राज्याच्या घटनेत करायच्या १७ दुरुस्त्या होत्या, प्रत्येकीपुढे ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ असे दोन चौकोन. मुख्य मतदान ४ नोव्हेंबर २०२५ ला झाले आणि सतराही मंजूर झाल्या. आपण लिहिली ती सोळावी. तिचे शब्द साधारण असे: मतदार हा अमेरिकेचा नागरिक असलाच पाहिजे, हे स्पष्ट करणारी घटनादुरुस्ती. ‘स्पष्ट करणारी’ हा शब्द मतपत्रिकेवरच छापलेला होता. बंद करणारी नव्हे, बदलणारी नव्हे.

कारण बदलण्यासारखे काही नव्हतेच. टेक्सासच्या घटनेतल्या मतदानाच्या प्रकरणात मतदार अमेरिकेचा नागरिक असावा असे आधीपासून आहे. देशपातळीच्या निवडणुकांत बिगरनागरिकाने मत देणे १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग या दुरुस्तीने केले काय? मतदान करू न शकणाऱ्यांची एक यादी त्या घटनेत आहे: अठरा वर्षांखालचे, न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेले, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले. त्या यादीत आणखी एक ओळ आली, ‘अमेरिकेचे नागरिक नसलेले’. सुमारे ७२ टक्के लोकांनी होकार दिला. ४ तारखेला सकाळी मत देऊ शकत होता आणि आता देऊ शकत नाही, असा एक माणूस टेक्सासमध्ये दाखवा. ज्या ठिकाणी दाखवता येईल ती ठिकाणे निराळी आहेत. मेरीलँडमधले टाकोमा पार्क हे छोटे गाव १९९० च्या दशकापासून गावच्या निवडणुकीत बिगरनागरिकांना मत देऊ देते. सॅन फ्रान्सिस्कोत शाळा मंडळाच्या निवडणुकीत पालकांना तशी मुभा आहे. न्यूयॉर्क शहरानेही तसा कायदा केला होता, तो त्या राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्दच केला. या कशाचाही टेक्सासशी संबंध नाही आणि आपल्या निर्देशांकाशी तर नाहीच नाही.

दुसरी गफलत शब्दाची. ‘अमेरिकेत घटनादुरुस्ती’ असे वाचले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे संसद, दोन तृतीयांश बहुमत, घटनेची मूलभूत चौकट, केशवानंद भारती खटला उभे राहतात. आपल्या राज्यघटनेत पाऊणशे वर्षांत १०६ दुरुस्त्या झाल्या, त्यातली एकही लोकांपुढे मताला आली नाही. अमेरिकेची देशाची घटना तर दोनशेहून अधिक वर्षांत २७ वेळाच बदलली, शेवटची १९९२ साली. पण ही देशाची घटना नव्हे. ही टेक्सासची, १८७६ ची, आणि ती आजवर पाचशेहून जास्त वेळा दुरुस्त झालेली आहे. इथे घटनादुरुस्ती म्हणजे आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतला ठराव समजा: पाण्याच्या टाकीचा एक, पार्किंगचा एक, एखादा नुसताच ‘ही सभा निषेध करते’ छापाचा. त्याच मतपत्रिकेवर तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांचा निधी होता, पाणीपुरवठ्यासाठी दरवर्षी एक अब्ज डॉलर बाजूला काढायचे होते, स्मृतिभ्रंशावरच्या संशोधन संस्थेला तीन अब्ज द्यायचे होते. सोळावी त्यातलीच.

आता तुमच्या अर्थपानाचे म्हणाल तर, सोळाव्या ओळीच्या दहा ओळी वर सहावी होती. ती वाचून मी बाकावरून जवळजवळ उठलो. तिचा अर्थ असा: शेअर-रोख्यांच्या व्यवहारांवर कर लावणारा कायदा, किंवा असे व्यवहार चालवणाऱ्यांवर धंदा कर लावणारा कायदा, राज्याच्या विधिमंडळाने यापुढे करायचा नाही. थोडक्यात आपला एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यांवरचा कर, तिथे येऊच नये, याची तजवीज थेट घटनेत! दुसरी ओळ भांडवली नफ्यावर कर नको म्हणणारी. आठवी वारसाहक्कावर कर नको म्हणणारी. तीनही मंजूर.

हे उगाच नाही. डॅलसमध्ये सध्या शेअर बाजार वसवायचे चालले आहे. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने आपली शिकागोची शाखा उचलून मार्च २०२५ मध्ये ‘टेक्सास’ नावाने इथे आणली. टेक्सास स्टॉक एक्स्चेंज नावाच्या अगदी नव्या बाजाराला सप्टेंबरच्या शेवटी सरकारी नियामकाची परवानगी मिळाली आणि २०२६ मध्ये सौदे सुरू करायचा बेत ठरला. त्याच्यामागे ब्लॅकरॉक आणि सिटाडेल सिक्युरिटीजसारखी गुंतवणूक धंद्यातली मोठी नावे आहेत. टेस्लाने २०२४ मध्ये आपली कायदेशीर नोंदणी डेलावेअर राज्यातून इथे हलवली. नव्या पेठेत दुकान थाटणाऱ्याला ‘इथे जकात कधीच लागणार नाही’ असे लिहून दिले, तर पेठ भरते. सहाव्या ओळीत नेमके तेच लिहून दिले आहे. घटनेत लिहिले म्हणजे पुढचे विधिमंडळ एका रात्रीत ते फिरवू शकत नाही. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश जमवा आणि परत लोकांपुढे जा.

मला हे का टोचले तेही सांगतो. जुलै २००४ च्या अर्थसंकल्पात एसटीटी आला तेव्हा मी आमच्या फोर्टमधल्या ऑफिसात होतो. आधी ०.१५ टक्के म्हणाले, दलाल आणि जॉबर खवळले, दर उतरला, आणि ऑक्टोबरपासून वसुली सुरू झाली. तेव्हा समजूत अशी घातली होती की हा कर घ्या, बदल्यात दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही. मी स्वतः क्लायंटना तसे समजावले होते. २०१८ मध्ये तो नफ्यावरचा कर परत आला, २०२४ मध्ये साडेबारा टक्के झाला, आणि एसटीटी आहे तिथेच, उलट फ्युचर-ऑप्शनवर वाढला. बदल्यात दिलेले परत घेतले, घेतलेले परत दिले नाही. म्हणून ‘घटनेत लिहून टाका’ म्हणणाऱ्या टेक्सासच्या दलालांची चतुराई मला कळते. ते धोरण चांगले की वाईट हा वाद वेगळा. पैसेवाल्यांना सूट कायमची आणि गरिबाची सवलत दर वर्षी भीक मागून, असे म्हणणारे इथेही आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही. पण बाजाराशी संबंध कशाचा, हे विचाराल तर उत्तर सहा, दोन आणि आठ. सोळा नव्हे.

मतदानाचा बाजारावर परिणाम होतच नाही, असे मी म्हणणार नाही. १७ मे २००४ चा सोमवार मी पाहिला आहे. निवडणुकीचा निकाल उलटा लागला, डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर सरकार येणार असे दिसले आणि एका दिवसात बाजार दोनदा बंद करावा लागला. मी स्वतः त्या दिवशी घाबरून स्टेट बँक पडेल भावात विकली. दुसऱ्या दिवशी बाजार उसळला. बायको अजून ती तारीख काढते. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाची तारीख, तर सर्वांना ताजी आहे. पण तिथे कुणाचे सरकार येणार हे बदलत होते. टेक्सासच्या सोळाव्या ओळीने मतदारांच्या यादीतले एक नावही इकडचे तिकडे झाले नाही, मग सरकार कुठून बदलणार आणि भाव कशाने हलणार?

बाजाराला अमेरिकेतले काय खुपते, ते दोन महिन्यांपूर्वीच दिसले होते. १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी इथल्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी (परदेशी नोकरदारांचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. सोमवारी, २२ तारखेला, निफ्टी आयटी, म्हणजे आयटी शेअरचा निर्देशांक, सुमारे तीन टक्के खाली. त्याला कुणाचे मतदान लागले नाही, एक सही लागली. आणि या सोळाव्या दुरुस्तीचे मतदान संपले ते इथल्या मंगळवारी संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे बुधवारी सकाळी साडेसहाला. त्या दिवशी गुरुनानक जयंती होती. आपला बाजार बंद होता! सावट पडायला जागाच नव्हती.

तरी माझ्या क्लायंटना मी फार बोललो नाही. सप्टेंबरनंतर अमेरिका आणि बिगरनागरिक हे दोन शब्द एका ओळीत दिसले की माणूस दचकणारच. त्यांचा भाचा इथेच न्यू जर्सीत आहे. त्यांनी शेअर विकले ते अर्धे भाच्याच्या काळजीने.

ती काळजी आमच्या घरातही आहे. माझी मुलगी आणि जावई २०११ पासून इथे आहेत. घर घेतले, मालमत्ता कर भरतात, आणि टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नसल्यामुळे तो मालमत्ता कर म्हणजे केवढा असतो हे ऐकून मी डोंबिवलीच्या पालिकेला मनोमन हात जोडले. ग्रीन कार्डचा अर्ज २०१५ चा. भारतीयांची रांग तिच्या वर्गात २०२५ च्या नोव्हेंबरात २०१३ च्या अर्जांपाशी उभी होती, कारण एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व. तोवर तिला मत नाही, आणि ते सोळाव्या दुरुस्तीमुळे नाही, आधीपासूनच नाही. त्या रात्री मी तिला ती यादी वाचून दाखवली. ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "म्हणजे बाबा, आता मी गुन्हेगारांच्या खालच्या ओळीत." मी म्हटले, अगं, तसा अर्थ नाही. पण तसा अर्थ तिला लागला, हेही खरे.

मला विचाराल तर नागरिकालाच मत असावे हे मला पटते. आपल्या घटनेचे कलम ३२६ तेच सांगते, आणि मी इथे तीन महिन्यांचा पाहुणा, मला कुणी मतपत्रिका दिली असती तर मीच परत केली असती. मुलगी अजून भारतीय पासपोर्टवर आहे, तेव्हा परदेशस्थ मतदार म्हणून डोंबिवलीत नाव नोंदवू शकते. मात्र मत द्यायला तिला स्वतः केंद्रावर उभे राहावे लागेल. एका मतासाठी दीड लाखाचे तिकीट. म्हणजे इथे कर आहे, मत नाही, आणि तिथे मत आहे पण पोहोचता येत नाही. याच्यावर आपण एक लेख छापलात तर हजारो घरांत वाचला जाईल.

गंमत म्हणजे त्याच ४ नोव्हेंबरला आपल्याकडेही मतदार कोण याचीच मोजदाद सुरू झाली. निवडणूक आयोगाची मतदार याद्यांची विशेष सखोल पुनरीक्षण मोहीम बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत त्या दिवशी घरोघर निघाली, त्यात गोवा आहे. माझी धाकटी बहीण म्हापशाला असते. तिच्याकडे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी, येऊन दोन प्रतींत फॉर्म देऊन गेली. तिच्या वाड्यात काही जणांनी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, मुले इंग्लंडात स्विंडनला कामाला. परक्या देशाचे नागरिकत्व स्वतःहून घेतले की भारताचे संपते, मग इथल्या यादीतले नाव राहते कसे, हा तिथे ओटीवरचा रोजचा वाद आहे. तिथे खरोखर नावे कमी-जास्त होऊ शकतात. त्याची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळी होती.

एक जुनी हकिकत, शेजाऱ्यांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी काढलेली. शंभर वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये नागरिक नसलेल्यांना खरोखर मत होते. ‘नागरिक व्हायचा माझा इरादा आहे’ असा कागद दाखल केला की पुरे. मे १९१९ मध्ये एक घटनादुरुस्ती लोकांपुढे आली. तिच्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: बायकांना मत द्यायचे आणि बिगरनागरिकांचे काढून घ्यायचे. आता बघा, त्या दिवशी मत देऊ शकत होते कोण? बिगरनागरिक पुरुष देऊ शकत होते. बायका देऊ शकत नव्हत्या. ज्यांचे जाणार होते ते रांगेत, ज्यांना मिळणार होते त्या घरी. दुरुस्ती सुमारे २५ हजार मतांनी पडली. महिनाभरात त्याच टेक्सासने देशाच्या घटनेतली बायकांच्या मताची दुरुस्ती मात्र मंजूर केली, आणि बिगरनागरिकांचे मत १९२१ मध्ये गेले. तेव्हा आपण जी बातमी दिलीत ती १०४ वर्षे उशिरा आली, इतकेच.

‘बाजार’ म्हणजे पैजेचा बाजार म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी. इथे आता निवडणुकीच्या निकालांवर कायदेशीर सौदे होतात, जावयाने मोबाइलवर दाखवले. मला गिरगावची चाळ आठवली. वडील सांगत, न्यूयॉर्कच्या कापसाचा उघडता आणि बंद भाव तारेने मुंबईला यायचा आणि त्याच्या आकड्यावर अख्खी मुंबई पैसे लावायची. त्यातूनच पुढे मटका निघाला. अमेरिकेतला आकडा आणि आपला खिसा हे नाते तेव्हापासूनचे आहे. पण जिथे निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक, तिथे सट्टेवालाही हात घालत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच धर्तीच्या दुरुस्त्या आठ राज्यांत मताला आल्या आणि आठही ठिकाणी मंजूर झाल्या. विस्कॉन्सिनमध्ये तर ‘प्रत्येक नागरिक’ऐवजी ‘फक्त नागरिक’ एवढाच फरक केला.

हे आता लिहिण्याचे कारण असे की नोव्हेंबर २०२६ मध्ये कॅन्सस, आर्कान्सा आणि साऊथ डकोटा इथे हाच प्रस्ताव लोकांपुढे येणार आहे. तेव्हाही कुणीतरी तो मथळा पुन्हा लावील. लावण्याआधी आपल्या उपसंपादकांनी राज्य कोणते, आधीचा कायदा काय होता आणि त्याच कागदावर आणखी काय छापले आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. आणि शक्य असल्यास टेक्सासबद्दल चार ओळींचा खुलासा अर्थपानावरच द्यावा. आतल्या पानावर दिलात तर ठाकुर्लीचे गुरुजी तो वाचणार नाहीत, ते अर्थपान वाचून चष्मा काढून ठेवतात. त्यांनी काल परत फोन केला होता, पुन्हा घ्यावे का म्हणून. मी म्हटले, माझे दुकान बंद आहे, तुमच्या ब्रोकरला विचारा.

आपला,
एक निवृत्त सबब्रोकर
डोंबिवली (पूर्व), सध्या मुक्काम फ्रिस्को, टेक्सास

ता. क. माझ्याकडच्या नमुना मतपत्रिकेवर दहा वर्षांच्या नातवाने लाल पेनाने मतदान उरकले आहे. तो इथला जन्माचा, घरातला एकमेव नागरिक, खरे मत २०३३ मध्ये. सगळ्यांना ‘बाजूने’, फक्त तेराव्याला ‘विरोधात’, कारण आकडा अशुभ. तेरावी दुरुस्ती राहत्या घरावरच्या शाळा करातली सूट एक लाखावरून एक लाख चाळीस हजार डॉलर करणारी होती. त्याच्या आईचे वर्षाला काही शे डॉलर त्यातून वाचणार आहेत. तिला मी अजून दाखवलेले नाही.